वकिली, लोकसेवा आणि मंडळीची सेवा: तिन्ही करायचं तर आधी काय, नंतर काय

माझ्याकडे सल्ल्याला येणारी बहुतेक ख्रिस्ती मुलं-मुली एखादी चूक करून झाल्यावरच येतात. कुणी एलएलबी आणि बीडीला (धर्मशास्त्राच्या पदवीला) एकाच वर्षी प्रवेश घेतलेला असतो. कुणी सनद (वकिलीचा परवाना) हातात असताना मिशनच्या संस्थेत पूर्णवेळ नोकरी धरलेली असते. कुणी पास्टोरेट कमिटीवर (मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, कारभार पाहणाऱ्या समितीवर) बसून त्याच मंडळीच्या जमिनीच्या दाव्यात वकीलपत्र दाखल केलेलं असतं. पाचारणाबद्दल (देवाने सेवेला बोलावल्याबद्दल) त्यांच्या मनात शंका नसते, घोळ असतो तो क्रमाचा. म्हणून इथे फक्त क्रम सांगतो. नियम भारतातले आहेत, आणि राज्याचा संबंध येतो तिथे महाराष्ट्रातले.

पायरी १: पगार कुठून घेणार, हे ठरवा

सुरुवात इथून करा, कॉलेजच्या फॉर्मपासून नको. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला नियम ४९ सांगतो की वकिली करणाऱ्याला कुठल्याही व्यक्तीची, सरकारची, फर्मची किंवा संस्थेची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. अशी नोकरी धरली तर राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमावर उभ्या आहेत.

त्यातून तीन वाटा निघतात.

पहिली: पोट वकिलीवर आणि मंडळीची सेवा विनावेतन किंवा अर्धवेळ. रविवारी उपदेश, आठवड्यात कोर्ट. बहुतेकांना हीच झेपते.

दुसरी: पूर्णवेळ दीक्षित पाळक किंवा धर्मगुरू, जवळ कायद्याची पदवी, पण रोजची वकिली नाही. कायदा वापरायचा तो लोकांना वाट दाखवायला, अर्ज लिहून द्यायला, योग्य वकिलापर्यंत पोहोचवायला.

तिसरी: न्यायाधीश किंवा सरकारी अधिकारी, आणि मंडळीत साधा सभासद. या वाटेवर सेवेची मुभा सर्वांत कमी, कारण सेवानियमांची बंधनं कडक.

प्रोटेस्टंट मंडळीत असाल तर आपल्या डायोसिसचं (बिशपांच्या हद्दीचं) किंवा सिनडचं (मंडळ्यांच्या सर्वोच्च सभेचं) संविधान मागवून वाचा. दीक्षित माणसाने बाहेरचा व्यवसाय करण्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते शोधा, आणि बिशपांचं म्हणणं लेखी घ्या. कॅथलिक असाल तर कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) २८५ वाचाच: राज्यसत्तेचा वापर करावा लागेल असं सार्वजनिक पद याजकांना स्वीकारता येत नाही. म्हणजे फादर झाल्यावर न्यायाधीश किंवा आमदार व्हायची वाट बंद. कायमस्वरूपी डीकनला (फादरच्या खालच्या पायरीवरच राहणाऱ्या दीक्षित सेवकाला) कॅनन २८८ यातून सूट देतो, स्थानिक नियम आड येत नसेल तर. हे सेमिनरीत (पाळक-धर्मगुरूंच्या शिक्षणसंस्थेत) तिसऱ्या वर्षी कळलं तर फार उशीर होतो.

सावध: 'मला पगार नाही, मानधन मिळतं' हा बचाव धरून चालू नका. दरमहा ठराविक रक्कम, राहायला घर आणि रोजची ड्यूटी असेल तर नाव काहीही द्या, बघणाऱ्याला ती नोकरीच दिसते.

पायरी २: शिक्षणाचा क्रम

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी. खुल्या प्रवर्गाला पात्रता परीक्षेत ४५ टक्के गुण लागतात, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. महाराष्ट्रात प्रवेश एमएच-सीईटी लॉमधून होतो.

सर्वांत महाग पडणारी चूक इथली. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला नियम ६ सांगतो की कायद्याच्या पदवीला नाव असताना दुसऱ्या कुठल्याही नियमित पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव घालता येत नाही. 'यूजीसीने २०२२ मध्ये दोन पदव्यांना परवानगी दिली की', असं मुलं सांगतात. दिली असेल, पण सनद यूजीसी देत नाही. उद्या बार कौन्सिलने एकाच काळातल्या दोन हजेऱ्या पाहिल्या तर अडचण तुमचीच. सूट आहे ती भाषा किंवा संगणकाच्या अल्पमुदतीच्या अर्धवेळ प्रमाणपत्राला आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमाला.

म्हणून माझा क्रम असा: आधी एलएलबी पूर्ण. त्या काळात बायबलचा अभ्यास मंडळीत, संडेस्कूल शिकवत, वाचून. धर्मशास्त्राची निवासी पदवी त्यानंतर. मधल्या काळात धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सेनेटचा दूरशिक्षण अभ्यासक्रम करायचा असेल, तर तो सवलतीत बसतो का हे लॉ कॉलेजकडून लेखी घ्या आणि ते पत्र जपून ठेवा. ज्यांना दीक्षाच आधी हवी आहे त्यांनी उलट जावं: बीडी, दीक्षा, मग मंडळीकडून अभ्यासरजा घेऊन तीन वर्षांचा एलएलबी. दोन्ही क्रम चालतात, फक्त एकावर एक चढवू नका.

हजेरीचंही तेच. कायद्याच्या वर्गांना ७० टक्के हजेरी लागते. 'सेवेसाठी बाहेर होतो' हे कारण परीक्षा विभागाला सांगून बघा, काय उत्तर येतं ते!

तपासा: जातीचा दाखला. घरात अनुसूचित जातीचा जुना दाखला आहे आणि स्वतःचा बाप्तिस्मा चर्चच्या रजिस्टरमध्ये नोंदलेला आहे, अशी घरं महाराष्ट्रात बरीच आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांखेरीज इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या एका महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. त्या दाखल्यावर प्रवेश किंवा नोकरी घेऊन नंतर पुलपिटवर (चर्चच्या व्यासपीठावर) उभं राहिलात, तर पाया तिथेच खचतो. हा आदेश अन्यायाचा आहे असं माझंही मत आहे, पण फॉर्म भरताना चालतो तो कायदा. अनुसूचित जमातीला धर्माची ही अट नाही.

पायरी ३: सनद

महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे अर्ज करताना नोकरी-व्यवसायाचा रकाना येतो. तिथे खरं लिहा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच बार कौन्सिलच्या एका प्रकरणात डॉक्टरकी चालू असताना सनद मागणाऱ्याला नकार कायम ठेवला. दुसरा व्यवसाय कितीही मानाचा असो, वकिलीला पूर्ण वेळ द्यावा लागतो, हा त्यातला मुद्दा. मिशनची पूर्णवेळ नोकरी असेल तर आधी राजीनामा, त्याची पोच, आणि मग अर्ज.

फी: अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ प्रमाणे राज्य बार कौन्सिलची ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची १५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १०० आणि २५. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यापेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही असं सांगितलं. मुद्रांक शुल्क वेगळं.

त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. १०० बहुपर्यायी प्रश्न, खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नोंदणीपासून दोन वर्षांत पास व्हायचं. सनद घेऊन थेट सेमिनरीला गेलेली मुलं ही परीक्षा हमखास विसरतात आणि परत आल्यावर धावाधाव करतात. सेमिनरीला जायच्या आधीच उरकून टाका.

पायरी ४: पहिली तीन वर्षं कोर्टात घाला

इथे घाई करू नका. सनद मिळाल्याबरोबर 'कायदेशीर सेवाकार्य' सुरू करणाऱ्यांना साधी मुदत मागता येत नाही, आणि मंडळीतली गरीब माणसं त्यांच्यावर विसंबून तारखा गमावतात. तालुका किंवा जिल्हा कोर्टात चांगला सिनियर धरा. पैसे थोडेच मिळतील. ज्युनियरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं, पण ती सूचना आहे, सक्ती नाही. तीन वर्षांचा घरखर्च कसा भागेल हे घरात बसून आधीच बोलून घ्या.

न्यायाधीश व्हायचं असेल तरी ही वर्षं वाया जात नाहीत. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली.

सिनियरकडे काय शिकायचं? जामीन आणि रिमांड येऊ द्याच. पण मंडळीतली माणसं तुमच्याकडे मुख्यतः तीन गोष्टी घेऊन येणार आहेत, त्या मुळापासून शिका.

घटस्फोट. ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ चा घटस्फोट अधिनियम लागू होतो. चर्चच्या न्यायमंडळाने दिलेलं विवाहशून्यतेचं पत्र म्हणजे दिवाणी घटस्फोट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हे स्पष्ट केलंय. त्या पत्रावर दुसरं लग्न लावलं की द्विभार्या किंवा द्विपतीचा गुन्हा अंगावर येतो. हे पाळकांनाही माहीत नसतं, म्हणून ते तुम्हीच आधी सांगायचं.

वारसा. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम. मृत्युपत्र कसं लिहायचं, साक्षीदार कोण असावेत, हे गावोगाव सांगण्यासारखं काम आहे. मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, एवढं एक वाक्य कितीतरी घरांची भांडणं वाचवतं.

ट्रस्ट. यावर सर्वांत जास्त वेळ घाला. महाराष्ट्रातल्या चर्चच्या बहुतेक मिळकती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली येतात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन शेड्यूल वनची (ट्रस्टच्या सरकारी नोंदीची) नक्कल काढायला शिका. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. हा राहून गेला म्हणून वर्षानुवर्षं मेलेल्या विश्वस्तांची नावं रजिस्टरवर असतात आणि भलताच कुणी त्याचा फायदा उठवतो. कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्ट्याला शेतजमीन असेल तर १० वर्षांच्या वर, बिगरशेती जमीन किंवा इमारत असेल तर ३ वर्षांच्या वर. 'कमिटीने ठराव केला' एवढ्यावर विकलेली जमीन हे मंडळ्यांमधलं जुनं दुखणं आहे.

तपासा: तीन वर्षांच्या शेवटी स्वतः उलटतपासणी घेतली का? एक तरी चेंज रिपोर्ट स्वतः दाखल केला का? नसेल तर आणखी एक वर्ष थांबा.

पायरी ५: लोकसेवेत शिरा

सर्वांत सरळ दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं. विद्यार्थी असतानाच विधी स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. पॅनेलवर वकील म्हणून यायला साधारणपणे तीन वर्षांची वकिली लागते. पॅनेलवरून मिळालेल्या पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, 'चहापाणी' सुद्धा नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ पाठ करा. स्त्रिया, मुलं, अपंग, कोठडीतले, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. धर्मांतरित दलित ख्रिस्ती पुरुषाचा अर्ज अनुसूचित जातीच्या रकान्यात भरला की तो अडकतो. त्याचा अर्ज उत्पन्नमर्यादेच्या रकान्यातून भरा. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक लोकांना लिहून द्या.

निवडणूक लढवायची असेल तर दोन कायदे आधी वाचा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम १२३(३): धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने त्याचा अर्थ मतदाराच्या धर्मापर्यंतही नेला. दुसरा १९८८ चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा: चर्चच्या आवारात राजकीय प्रचार चालत नाही. भक्ती (उपासनासभा) संपल्यावर दारात उभं राहून पत्रकं वाटणं आलंच त्यात. आमदार-खासदार झाल्यावर वकिली चालू ठेवता येते; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घालायला नकार दिला.

सावध: परदेशी मिशनचा आधार. परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या एफसीआरए, २०१० च्या कलम ३ प्रमाणे निवडणुकीचा उमेदवार, न्यायाधीश, लोकसेवक, सरकारी कर्मचारी आणि विधिमंडळाचा सदस्य यांना परदेशी देणगी घेता येत नाही. उमेदवारी अर्ज भरायच्या किंवा नोकरीत रुजू व्हायच्या आधी असले सगळे व्यवहार बंद करा.

पायरी ६: मंडळीतलं पद घेण्यापूर्वी

बार कौन्सिलचा नियम ८ फारसा कुणी वाचत नाही. ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर तुम्ही आहात, तिच्या बाजूने किंवा विरुद्ध कुठल्याही न्यायालयात किंवा प्राधिकरणापुढे तुम्हाला उभं राहता येत नाही. सर्वसाधारण कारभार पाहणारी कुठलीही समिती यात येते, नाव काहीही असो. पास्टोरेट कमिटी आली, ट्रस्टचं मंडळ आलं, आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय हेही प्राधिकरणच. म्हणून निवड करा: कमिटीवर बसायचं की मंडळीचं वकीलपत्र घ्यायचं. कमिटीवर बसलात तर केस दुसऱ्या वकिलाकडे द्या.

अर्धवेळ पगारी सेवेसाठी नियम ५२ आहे: राज्य बार कौन्सिलची संमती आधी घ्यायची. 'आधी रुजू होतो, मग कळवतो' असं नको. शिकवण्याला मात्र नियम ५१ मोकळीक देतो. कायद्याचे आणि बिगरकायद्याचे विषय शिकवता येतात, पूर्णवेळ नोकरी नसेल तर. बायबल कॉलेजात आठवड्यातून काही तास घ्यायला यामुळे वाव आहे.

लग्नं लावणार असाल तर १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम. बिशपांच्या हातून दीक्षा झालेल्यांना वेगळा परवाना लागत नाही. स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांना सरकारी परवाना लागतो. अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वकील असून हे माहीत नव्हतं, असं कोर्टात म्हणणार कसं? आणि तुम्ही ज्यांचं लग्न लावलं त्यांच्या घटस्फोटात तुम्ही साक्षीदार ठरू शकता, तेव्हा नियम १३ प्रमाणे ती केस घ्यायची नाही.

पायरी ७: बोलणं सुरू होण्याआधी टोपी (म्हणजे आपली भूमिका) ठरवा

भक्ती संपते, लोक चहाला वळतात आणि कुणीतरी कोपऱ्यात गाठतं: "ब्रदर, जरा बोलायचं होतं." इथे पहिलं वाक्य तुमचं असू द्या: "ताई, हे मला वकील म्हणून सांगताय की ब्रदर म्हणून?" थोडं अवघड वाटतं, पण विचारा. कारण कायद्याने दोघांना सारखं संरक्षण दिलेलं नाही.

वकिलाला पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने झाकलेलं आहे. बेकायदा हेतूसाठी सांगितलेलं त्यात बसत नाही. पाळकाला सांगितलेल्या गोष्टीला त्या कायद्यात असं स्वतंत्र कलम नाही. कॅथलिक फादरला पापनिवेदनाची गुप्तता कॅनन ९८३ ने कायमची बंधनकारक आहे, पण ते चर्चचं बंधन. कोर्टातली ढाल नव्हे. म्हणून माझा क्रम असा.

पहिलं, टोपी विचारा. दुसरं, वकील म्हणून असेल तर तिथे बोलूच नका; ऑफिसला बोलवा, नाव-तारीख डायरीत लिहा. तिसरं, समोरची बाजू कोण हे सगळ्यात आधी विचारा. नवरा-बायको दोघंही तुमच्याच मंडळीतले असतील आणि तुम्ही दोघांनाही समुपदेशन केलेलं असेल, तर दोघांपैकी कुणाचंही वकीलपत्र नको. एका बाजूला सल्ला दिला की नियम ३३ दुसरी बाजू बंद करतो, आणि मंडळीत तर दोन्ही बाजू तुमच्याच असतात. चौथं, ब्रदर म्हणून ऐकत असाल तर कायदेशीर सल्ला देऊ नका. दुसऱ्या वकिलाचा नंबर द्या.

सावध: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर टोपीचा प्रश्न विचारत बसायचं नाही. पोक्सो, २०१२ चं कलम १९ कुणालाही लागू आहे: पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. 'मंडळीची अब्रू' म्हणून कमिटीत मिटवायला घेतलेलं प्रकरण मिटवणाऱ्यालाच आत नेतं.

पायरी ८: शिबिरं आणि पैसे

मोफत कायदेशीर शिबिराच्या टेबलावर प्रार्थनेची पत्रकं ठेवू नका. प्रार्थनासभेच्या घोषणेत 'ॲडव्होकेट अमुक यांचं मार्गदर्शन' असंही छापू नका. नियम ३६ ने जाहिरात आणि पक्षकार ओढणं बंद केलंय. शिवाय मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड या शेजारच्या राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत. सीमेलगतच्या गावांत मदत आणि उपासना एकाच मांडवात चालली, तर आमिषाचा आरोप व्हायला वेळ लागत नाही. दिवस वेगळा, जागा वेगळी, बॅनर वेगळा.

फी, अर्पण आणि शिबिराचा निधी यांची तीन खाती ठेवा. पक्षकाराने कृतज्ञतेने दिलेलं अर्पण स्वतःच्या हातात घेऊ नका, मंडळीच्या पावतीवर घ्या. आणि निकालात मिळणाऱ्या रकमेचा हिस्सा मंडळीला, असा करार तर मुळीच नको. निकालावर ठरवलेल्या फीला नियम २० ची मनाई आहे.

पायरी ९: वाट बदलताना

काही वर्षांनी पूर्णवेळ सेवेत जावंसं वाटलं, तर रुजू व्हायच्या आधी बार कौन्सिलला लेखी कळवून वकिली स्थगित करा, चालू केसेस दुसऱ्या वकिलाकडे सोपवून पक्षकारांच्या सह्या घ्या, आणि स्थगितीचं पत्र सांभाळून ठेवा. परत यायचं झालं तर तेच पत्र लागतं. मधल्या काळात कुणाच्या तरी तारखेला 'फक्त मुदत मागायला' म्हणून गाऊन चढवू नका. मुदत मागणं हीसुद्धा वकिलीच, आणि हक्क नसताना ती केली तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंतची कैद आहे.